घरबांधणी – वाचकांचे प्रश्न : काँक्रीट जागेवर पोचवण्याचा खर्च

पावसाळ्यापूर्वी स्लॅब उरकण्याची घाई सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळच्या बहुतेक पत्रांत काँक्रीट कुठे कालवावे, ते जागेपर्यंत कसे न्यावे आणि त्यात पैसे कुठे वाचवावेत, हेच विचारले आहे. त्यामुळे इतर विषय पुढील अंकासाठी ठेवून आज त्यांतली सहा पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आमचे घर सातारा जिल्ह्यातील एका गावात आहे. पहिल्या मजल्याचा १,००० चौरस फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदार लिफ्टचा मिक्सर (कालवलेला माल पेटीतून वर चढवणारा) आणि मजुरांची गँग आणायला तयार आहे. तो सिमेंटच्या गोणीमागे १७० रुपये मागतो. दुसरीकडे आरएमसी (कारखान्यातून ट्रकने येणारे तयार काँक्रीट) ५,४०० रुपये घनमीटर आणि पंपाचे १४,००० रुपये असा दर मिळाला आहे. शिवाय माल पसरायला येणाऱ्या माणसांचे ७,००० रुपये होतील. आमच्याकडे सिमेंट ३८० रुपये गोणी, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) ५,००० रुपये ब्रास (१०० घनफूट) आणि खडी ३,५०० रुपये ब्रास आहे. घरापर्यंत १२ फुटी रस्ता असून वाटेत ओढ्यावर जुनी मोरी आहे. स्वस्त काय पडेल?

उत्तर : आपण सगळे दर कळवलेत हे फार बरे झाले, कारण या प्रश्नाला दरांशिवाय दिलेले उत्तर निरुपयोगी असते. आधी माल किती लागेल ते पाहू. १,००० चौरस फुटांवर ५ इंच म्हणजे सुमारे ४१७ घनफूट, अर्थात पावणेबारा ते बारा घनमीटर एकट्या स्लॅबचे झाले. त्यात बीम, सज्जे आणि जिन्याचा भाग धरला तर एकूण १६ घनमीटर लागतील असे समजून चालावे. नक्की आकडा आपल्या नकाशावरून इंजिनिअरकडून काढून घ्यावा. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २.४ टन असते. म्हणजे एका दिवसात सुमारे ३८ टन माल १० फूट वर चढवायचा आहे. घमेल्यात दहा लिटर माल बसतो असे धरले तर ही १,६०० घमेली होतात. हा आकडा डोळ्यांसमोर असला की माणसांच्या रांगेने डोक्यावरून माल चढवण्याची जुनी पद्धत आता का परवडत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लिफ्टच्या मिक्सरचा हिशेब असा. सिमेंट, वाळू आणि खडी १:१.५:३ या प्रमाणात घेतली तर एका गोणीतून सुमारे १२५ लिटर, म्हणजे घनमीटरचा आठवा हिस्सा काँक्रीट निघते. १६ घनमीटरला १२८ गोण्या लागतील. त्यांचे ४८,६४० रुपये, सुमारे २.४ ब्रास क्रश सँडचे १२,०००, पावणेपाच ब्रास खडीचे १६,६२५ आणि गँगचे २१,७६० मिळून सुमारे ९९,००० रुपये होतात. आरएमसी मागवताना मात्र १६ नव्हे, साडेसोळा घनमीटर मागवावे लागेल. पंपाची नळी ५ इंच व्यासाची असते आणि तिच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे १२ लिटर माल अडकून राहतो. ४० मीटर नळी जोडली तर अर्धा घनमीटर माल नळीतच राहिला. साडेसोळा घनमीटरचे ८९,१००, पंपाचे १४,००० आणि पसरणाऱ्यांचे ७,००० धरून १,१०,१०० रुपये होतात. फरक ११,००० रुपयांचा आहे. मिक्सरच्या बाजूला सांडलवंड, डिझेल आणि गँगचे चहापाणी धरले तर तो आणखी कमी होतो. आरएमसीत कारखान्यात मोजून घातलेला माल असल्याने त्याच ताकदीला सिमेंट कमी लागते, म्हणून एवढी यंत्रसामग्री असूनही ती फार महाग पडत नाही.

अकरा हजार जास्त देऊन एक दिवस वाचवावा असे कोणालाही वाटेल आणि मलाही तसेच वाटले असते, पण आपल्या पत्रातील शेवटच्या ओळीत मोरी आहे. ६ घनमीटर माल घेतलेला ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे आरएमसी आणणारा ट्रक, सुमारे २५ टनांचा असतो. जुनी दगडी मोरी, रस्त्याच्या कडेचा भराव, अंगणातील पाण्याची टाकी किंवा शोषखड्डा यांपैकी कशावरही असा ट्रक नेण्याआधी ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी आणि इंजिनिअरला ती जागा दाखवावी. माझ्या पाहण्यातल्या एका कामावर ट्रकचे मागचे चाक सेप्टिक टँकच्या झाकणावरून खाली गेले आणि स्लॅबपेक्षा तो ट्रक बाहेर काढण्याचे बिल मोठे झाले. मोरीबद्दल खात्री नसेल तर आपण लिफ्टचा मिक्सर घ्यावा.

तो घेतल्यावर पैसे वाचतात की वाया जातात, हे मिक्सर कुठे उभा राहतो यावर ठरते. लिफ्टची पेटी माल एकाच ठिकाणी वर ओतते आणि तिथून पुढे घमेल्यांनी किंवा हातगाडीने माल न्यावा लागतो. घर २५ बाय ४० फुटांचे असेल आणि मिक्सर कोपऱ्यात उभा केला तर शेवटचे घमेले चाळीस-पंचेचाळीस फूट चालून जाते. तोच मिक्सर लांब बाजूच्या मध्यावर उभा केला तर हे अंतर तीस फुटांच्या आसपास येते आणि रांगेत तीन-चार माणसे कमी लागतात. खडी आणि वाळूचे ढीग मिक्सरच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना, घमेले भरून दोन पावलांत ओतता येईल इतके जवळ लावून घ्यावेत. ट्रॅक्टरवाला त्याच्या सोयीने ढीग टाकून जातो आणि मग दिवसभर दोन बिगारी केवळ खडी सरकवत राहतात; हा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही, पण तो आपणच भरत असतो. भरणे लांबच्या कोपऱ्यातून सुरू करून लिफ्टकडे मागे यावे, म्हणजे ताज्या मालावरून कोणाला चालावे लागत नाही. सळयांवर फळ्यांची वाट टाकून घ्यावी आणि तिचा भार लोखंडी खुर्च्यांवर, म्हणजे टेकूंवर असावा, सळयांवर नव्हे. वरची जाळी पायाखाली दबून खाली बसली तर सज्जाला ती आहे आणि नाही सारखीच.

वेळेचा अंदाजही बांधून ठेवावा. एका गोणीचा मिक्सर नीट चालला तर तासाला पंधराच्या आसपास फेऱ्या देतो. १२८ फेऱ्यांना साडेआठ तास लागतील. सकाळी सातला पहिली फेरी निघाली नाही तर शेवटचा बीम विजेरीच्या उजेडात भरावा लागेल आणि त्या वेळी मोजमापाकडे कोणाचेच लक्ष नसते.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची जागा रस्त्यापासून सुमारे २० फूट खाली, उतारावर आहे. गाडी खाली जात नाही. पायाचे फुटिंग आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचे बीम) यांचे काँक्रीट वरून पत्र्याच्या पन्हळीने खाली सोडावे असे गवंडी सुचवतो. ते योग्य आहे का? पंप लावावा तर तो माणूस रत्नागिरीहून येण्याचेच भाडे फार सांगतो.

उत्तर : पन्हळ वाईट नाही, लांब पन्हळ वाईट आहे. काँक्रीट उतारावरून वेगाने निघाले की खडी पुढे पळते, सिमेंटचा रस मागे रेंगाळतो आणि तळाशी पोचतो तो एकजीव माल नसून आधी खडीचा आणि मग चिखलाचा ढीग असतो. दोन ते तीन फूट आडवे गेल्यावर एक फूट खाली, इतपत उतार असावा. त्याहून उभा असेल तर खडी सुटते आणि त्याहून सपाट असेल तर माल सरकत नाही व गवंडी लगेच पाण्याचा पाइप हातात घेतो. आपल्या जागेत २० फूट खाली यायचे तर पन्हळ पन्नास-साठ फूट लांब होईल. ती लावायचीच असेल तर खालच्या टोकाला आडवा पत्रा लावून माल ताठ खाली पडेल असे करावे, तो थेट फुटिंगमध्ये न सोडता पत्र्यावर घ्यावा, फावड्याने एकदा परतावा आणि मगच भरावा.

मला मात्र आपल्या जागेसाठी दुसराच मार्ग अधिक स्वस्त वाटतो. ओला माल खाली आणण्याऐवजी कोरडा माल खाली आणावा. खडी पन्हळीतून कितीही वेगाने आली तरी तिचे काही बिघडत नाही. वाळू कोरडी असेल तर तीही येते. सिमेंटच्या गोण्या खांद्यावरून आणाव्या लागतील. अर्ध्या गोणीचा मिक्सर चाके आणि ड्रम सुटे करून चार-सहा माणसांना दोराने उतरवता येतो, आणि तो फुटिंगजवळ उभा राहिला की माल दोन-चार हातगाड्यांत जागेवर पोचतो. हातगाडीला हवा भरलेले टायर असावे. लोखंडी चाकाच्या गाडीत खडबडीत वाटेने माल हादरून हादरून खडी तळाला बसते. खडी आणि वाळू उतरवण्याचे काम आधीच्या आठ-पंधरा दिवसांत, घरातल्या माणसांच्या सवडीने करता येते. काँक्रीटला ती सवड नसते, कारण पाणी पडल्यापासून त्याचे घड्याळ सुरू होते.

पंपाबद्दल आपली शंका रास्त आहे, पण कारण केवळ भाडे नाही. उतारावर खाली जाणाऱ्या नळीत माल स्वतःच्या वजनाने पुढे पळतो, मध्ये पोकळी राहते आणि खडी वेगळी होऊन नळी तुंबते. सराव असलेला पंपचालक यावर उपाय करतो. आठ-दहा घनमीटरच्या फुटिंगसाठी तेवढी यातायात करू नये.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपले गाव खाडीच्या किंवा समुद्राच्या लगत असेल तर गोणीमागे ठराविक घमेली मोजून केलेले एम-२० काँक्रीट (एम पुढचा आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त) चालणार नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या बांधकामाला किमान एम-२५ आणि सागरी हवेला उघड्या असलेल्या बांधकामाला किमान एम-३० लागते. घमेली मोजण्याची पद्धत एम-२० पर्यंतच मान्य आहे. त्यापुढे प्रयोगशाळेतून मिश्रण ठरवून घ्यावे लागते. घर जांभ्याच्या चिऱ्याचे असल्यास काँक्रीट थोडेच लागेल, तेव्हा या बाबतीत काटकसर करू नये.

प्रश्न : पुण्यातील पेठेत आमच्या जुन्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघराचा छोटा स्लॅब टाकायचा आहे. माल जेमतेम दीड घनमीटर आहे. बोळातून रिक्षादेखील आत येत नाही.

उत्तर : दीड घनमीटरसाठी कोणतेही मोठे यंत्र मागवू नये. पंधरा लिटरच्या बादलीने हा माल शंभर फेऱ्यांत वर जातो. एका बादलीचे वजन ३६ किलोच्या आसपास होईल, त्यामुळे हाताने ओढायची कप्पी असेल तर दोन माणसे आळीपाळीने लागतील. सिंगल फेजवर चालणारी छोटी मोटर-कप्पी दिवसाच्या भाड्याने मिळते आणि ती घेतल्यास अर्ध्या दिवसात काम उरकते. तिची चौकट मात्र वाड्याच्या कठड्याला कधीही बांधू नये. जुन्या चुन्याच्या भिंती आणि लाकडी कठडे खाली दाबले जाणारे वजन सोसतात, बाहेर ओढले जाणारे नाही. चौकट आतल्या बाजूने टेकू देऊन उभी करावी आणि ती पुरेशी घट्ट आहे का, हे माल चढवण्याआधी वाळूने भरलेल्या बादलीने तपासून पाहावे.

दुसरी काळजी तितकीच महत्त्वाची आहे. खालून सारखी चढउतार नको म्हणून खडी, वाळू आणि गोण्या आदल्या दिवशीच वर नेऊन ठेवण्याचा मोह होतो. एक घनमीटर वाळू दीड टनाहून जड असते आणि लाकडी तक्तपोशीवर तेवढा ढीग एका जागी ठेवणे धोक्याचे आहे. माल खाली चौकातच कालवावा, बादलीने वर घ्यावा आणि आला तसा भरावा. बादली वर जात असताना बोळ बंद ठेवावा, त्यासाठी शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

प्रश्न : आमच्या कॉलमच्या तळाशी प्लेटा (साच्याचे पत्रे) काढल्यावर खडीच खडी दिसते, मध्ये पोकळ्या आहेत. ठेकेदार म्हणतो प्लास्टरमध्ये झाकले जाईल. हे का झाले? पुढच्या मजल्यावर पंप लावला तर टळेल का? – नांदेड

उत्तर : पंपाने हे टळत नाही, पंपाची नळी १० फुटांच्या कॉलमच्या तोंडाशी धरली तर तेच होईल. काँक्रीट दीड मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून मोकळे पडू देऊ नये, असे आयएस ४५६ सांगते. कॉलममध्ये वरून सोडलेला माल रिंगा आणि सळयांवर आपटत खाली जातो. रस सळयांना चिकटून राहतो आणि खडी तळाशी एकटी पोचते. यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. कॉलमची एक बाजू पाच फुटांपर्यंतच बंद करून तिथपर्यंत भरावे आणि मग वरची प्लेट लावून पुढे जावे, किंवा मधोमध खिडकी ठेवून तीतून खालचा भाग भरून घ्यावा, किंवा रुंद रबरी नळीची सोंड आत सोडून माल तिच्यातून खालपर्यंत न्यावा आणि भरत जाईल तशी सोंड वर घ्यावी. भरायला सुरुवात करण्यापूर्वी तळाशी त्याच मालातील सिमेंट-वाळूचा दोन इंचांचा थर टाकला तर पहिल्या खडीला बसायला जागा मिळते. माल दीड-दीड फुटाच्या थरांत टाकून प्रत्येक थराला व्हायब्रेटरची (माल हादरवून बसवणाऱ्या यंत्राची) सुई ताठ खाली सोडावी, ती आधीच्या थरात थोडी जाऊ द्यावी आणि हळूहळू वर काढावी. ९ इंचांच्या कॉलममध्ये ६० मिलिमीटरची सुई सळयांत अडकते, म्हणून ठेकेदार ती वापरायचेच टाळतो. त्याला २५ किंवा ४० मिलिमीटरची सुई आणायला सांगावे.

प्लास्टरने झाकण्याचा सल्ला अजिबात मानू नये. सैल खडी छिन्नीने काढल्यावर पोकळी किती खोल आहे आणि सळई उघडी पडली आहे का, हे इंजिनिअरने स्वतः पाहिले पाहिजे. कॉलम दुरुस्त करावा की पाडावा, हे त्यानंतरच ठरते. तोवर त्या कॉलमवर पुढचा भार चढवू नये.

प्रश्न : वर्ध्याला मे महिन्यात स्लॅब आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या वेळी माल पसरत नाही म्हणून गँगने सारखे पाणी घातले. ते रोखावे तर माल घमेल्यातच घट्ट होतो. काय करावे?

उत्तर : गँगची अडचण खरी आहे आणि तिच्यावर केवळ ओरडून उपयोग होत नाही. सैल माल वाहायला सोपा, ओतायला सोपा आणि पसरायला सोपा असतो. ज्याला दिवसभर घमेले उचलायचे आहे, त्याने पाणी मागणे स्वाभाविक आहे. पण ५० किलोच्या गोणीला २५ लिटरऐवजी ३० लिटर पाणी घातले, म्हणजे प्रत्येक फेरीत केवळ पाच लिटर वाढवले, तर काँक्रीटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. स्लॅबला पुढे पडणाऱ्या तडा आणि गळती हा त्यावरचा वेगळा दंड. साध्या घराच्या काँक्रीटला गोणीमागे साडेसत्तावीस लिटर ही वरची मर्यादा मानावी आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही काही लिटर वजा करावेत. पाणी पाइपने घालू देऊ नये. खूण केलेली बादली ठेवावी आणि घरातील एक माणूस दिवसभर त्या बादलीपाशी बसवावा. स्लॅबच्या दिवशी नातेवाइकांपैकी ज्यांना काय करावे कळत नाही, त्यांच्यासाठी हे उत्तम काम आहे.

माल सैल हवा असेल तर त्यासाठी प्लास्टिसायझर असतो. हे द्रव्य सिमेंटचे कण एकमेकांपासून सुटे करते आणि तेवढ्याच पाण्यात माल सरकता होतो. डब्यावर गोणीमागे जेवढे मिलिलिटर लिहिले असतील तेवढेच, आधी पाण्यात मिसळून घालावे. अंदाजाने दुप्पट घातल्यास माल सुटा होतो आणि घट्ट होण्यास विनाकारण वेळ घेतो. आरएमसी मागवली असेल तर ट्रक आल्यावर त्यात पाणी घालण्याची परवानगी कोणालाही देऊ नये. ट्रकसोबत येणाऱ्या चलनावर माल भरल्याची वेळ लिहिलेली असते. तीपासून सुमारे दोन तासांच्या आत ट्रक रिकामा झाला पाहिजे आणि जास्त वेळ लागणार असेल तर तसे द्रव्य कारखान्यातच घालून घ्यावे लागते.

उष्णतेचे म्हणाल तर हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यास उन्हाळी काँक्रीटची वेगळी काळजी घ्यावी, असे मानक सांगते, आणि वर्ध्याचा मे त्या रेषेच्या पुष्कळ पुढे असतो. आदल्या संध्याकाळी खडीवर पाणी मारून ती ओल्या गोणपाटाने झाकावी, पाण्याची टाकी सावलीत ठेवावी, प्लेटा आणि सळया भरण्याआधी भिजवून थंड कराव्यात आणि काम पहाटे चारला किंवा ऊन उतरल्यावर सुरू करावे. रात्रीच्या मजुरीचा दर जास्त असतो, पण दुपारच्या उन्हात थांबत थांबत चाललेल्या कामापेक्षा तो स्वस्त पडतो. वरचा पृष्ठभाग बोट उमटणार नाही इतका आवळला की लगेच ओले गोणपाट टाकावे आणि दुसऱ्या दिवशी मातीचे वाफे करून पाणी साठवावे. हल्ली बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट राख मिसळलेले असते आणि त्याला किमान दहा दिवस पाणी लागते. विदर्भात मी चौदा दिवस सांगतो.

प्रश्न : जव्हारजवळ आम्ही दोघे नवरा-बायको आणि दीर मिळून दोन खोल्यांचे घर हळूहळू बांधत आहोत. मिक्सर रोज भाड्याने घेणे परवडत नाही. हाताने कालवलेले काँक्रीट चालेल का? आणि स्लॅब टाकताना मध्येच थांबावे लागले तर?

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण आपण विचारलेला दुसरा प्रश्न पुष्कळ ठेकेदारांनाही सुचत नाही. हाताने कालवलेला माल छोट्या कामाला चालतो. तो मातीवर नव्हे, पत्र्यावर किंवा कोब्यावर कालवावा. आधी वाळू आणि सिमेंट कोरडेच रंग एकसारखा होईपर्यंत दोन-तीनदा परतावे, मग खडी आणि शेवटी मोजलेले पाणी घालावे. यंत्राइतका एकजीवपणा येत नाही म्हणून सिमेंट दहा टक्के जास्त घालण्याची पद्धत आहे. एका वेळी एकाच गोणीचा माल करावा आणि तो अर्ध्या तासात जागेवर पोचवावा.

फुटिंग, लिंटेल (दारे-खिडक्यांवरच्या आडव्या तुळया) आणि जिन्याच्या पायऱ्या अशा रीतीने टप्प्याटप्प्याने होतील. स्लॅब मात्र हाताने कालवून करू नये. त्या एका दिवसासाठी मिक्सर, व्हायब्रेटर आणि माणसे भाड्याने घ्यावीत आणि बाकीच्या कामात वाचवलेले पैसे तिथे घालावेत. तरीही पाऊस आला किंवा मिक्सर बिघडला आणि थांबावे लागले, तर जिथे माल संपला तिथेच उतरता ढीग सोडून जाऊ नये. दोन आधारांच्या मधला भाग गाठून तिथे उभी फळी लावावी आणि कडा सरळ करावी. बीमच्या किंवा भिंतीच्या अगदी जवळ सांधा ठेवू नये. पुन्हा सुरू करताना जुनी कडा तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन, सिमेंटची स्लरी लावून मगच नवा माल टाकावा. असा सांधा कोठे चालेल, हे स्लॅबच्या आधीच इंजिनिअरकडून नकाशावर खडूने आखून घेतले तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

आपल्या तिघांच्या हाताला सोसणारा आणखी एक मार्ग म्हणजे दारे-खिडक्यांचे लिंटेल जमिनीवरच ओतून ठेवणे. माल वर चढवायचा नाही, परांचीवर सेंट्रिंग करायचे नाही, आणि दर रविवारी दोन लिंटेल तयार होतात. ५ फूट लांब, ९ इंच रुंद आणि साडेचार इंच उंच लिंटेलचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते. त्यासाठी चार माणसे हवीत, तेव्हा उचलण्याच्या दिवशी एक शेजारी बोलवावा. साच्याला तेल लावावे, सळईखाली इंचभराचे कव्हर ब्लॉक ठेवावेत आणि चौदा दिवस पाणी मारून मगच ते हलवावे. लिंटेलची मुख्य सळई खालच्या बाजूला असते आणि तयार लिंटेल दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. उलटा बसवला तर भिंतीच्या भाराने तो मध्ये तडकतो. म्हणून माल ओला असतानाच खिळ्याने प्रत्येकाच्या वरच्या अंगावर ठळक अक्षरात ‘वर’ असे कोरून ठेवावे.